‘ळ’ बसता बसत नव्हता!

बोरिवलीतल्या एका वन बीएचकेमध्ये वीकेण्डला दारावरच्या पाट्या बनतात. सागवानात अक्षराच्या आकाराची खाच कोरायची, तेच अक्षर अ‍ॅक्रिलिकमधून कापायचं आणि खाचेत दाबून बसवायचं. सोप्पंय! पण पैसे मोजणारं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या काळे काकू. बाकीची अक्षरं थोडी घासून बसली. ‘ळ’ मात्र बसेचना. शेजारी शेजारी दोन गोल, आणि दोन्ही कडेला चपटे. पुढच्याच रविवारी काकूंकडे वास्तुशांत!

पाट्या करणारा माझा मित्र. सोमवार ते शुक्रवार अंधेरीत कोडिंग, शनिवारी कारागिरी. त्याचं मशीन ‘३०१८’ जातीचं, म्हणजे ३० बाय १८ सेंटिमीटरचं कोरायचं क्षेत्र आणि मायक्रोवेव्हएवढा पसारा. कम्प्युटर सांगेल तिथे गरगर फिरणारी बिट जाते आणि लाकूड कोरते. ‘अर्धा पगार यात घातलास?’ ही घरची प्रतिक्रिया. मशीन विकायच्या जाहिरातीचा मजकूरही तयार होता.

आता आपण पडलो सॉफ्टवेअरवाले. काही बिघडलं की आधी सेटिंग बदलणार! त्यानेही तेच केलं. त्याचं मशीन एक मिलिमीटर सरकायला मोटरची ८०० पावलं मोजतं. मोटरच्या एका फेरीत २०० पावलं, प्रत्येकाचे १६ भाग, आणि एका फेरीत स्क्रू ४ मिलिमीटर पुढे. पठ्ठ्याने ८०० चे ८०३ केले. शंभर मिलिमीटरची रेघ बरोब्बर आली, ‘ळ’ तसाच चपटा.

कारण साधं होतं. दिशा बदलली की स्क्रू आधी नटमधली ढिलाई भरून काढतो, मगच बिट हलते. गोल काढताना अशी दिशा चार ठिकाणी बदलते. आकडा बदलून ढिलाई कशी जाणार?

हलतंय कुठे?

मग नागदेवी स्ट्रीटवरून डायल गेज आलं. मिलिमीटरचा शंभरावा भाग दाखवणारं हे घड्याळासारखं यंत्र. माझ्या मते कुठलाही नवा पार्ट घेण्याआधी हे घ्यावं. गेज बिटच्या मोटरला टेकवलं, ताणकाट्याने एक किलोचा ओढा दिला. काटा १८ घरं सरकला! म्हणजे ०.१८ मिलिमीटर, झेरॉक्सच्या जवळपास दोन कागदांची जाडी. नुसत्या हाताच्या ओढीने एवढं, तर सागवान कोरताना काय होत असेल?

पहिला इलाज फुकटातला निघाला. पकडीतून बिट फार बाहेर आली होती. दांडी वाकते ती लांबीच्या घनाच्या हिशेबात. बाहेरचा भाग अर्धा केला की तेवढ्याच जोराला तिचं वाकणं आठव्या हिश्श्यावर येतं. जाडीचा हिशेब तर आणखी भारी, चौथ्या घाताचा. १० मिलिमीटरच्या गाइड रॉडऐवजी १२ चा घेतला की ताठपणा दुपटीच्या थोडा वर जातो. पण रॉड बदलायचे तर ब्लॉकही बदलावे लागतात, म्हणून ते लांबणीवर.

खरा जुगाड पुढेच आहे. किचनच्या ओट्यात सिंक बसवताना ग्रॅनाइटचा जो तुकडा कापून निघतो ना, तो! जवळच्या मार्बलवाल्याकडे असे तुकडे धूळ खात पडले होते. ५० बाय ४० सेंटिमीटर, वजन दहा किलोच्या आसपास. भोकंही त्यानेच पाडून दिली. मशीनचे सगळे स्क्रू ढिले केले, फ्रेम त्या सपाट दगडावर ठेवली. सुतार खिडकीच्या चौकटीला करतो तसे दोन्ही कर्ण मोजले, सारखे येईपर्यंत फ्रेम ठोकत आणली, गुण्या लावून काटकोन पाहिला आणि समोरासमोरचे स्क्रू आलटून पालटून आवळले. शेवटी फ्रेम दगडालाच बोल्ट केली. दगडाखाली रबराचे तुकडे टाकले, त्यामुळे खालच्या मजल्यावरच्या काकांची भुणभुणही कमी झाली.

राहिला नट. स्प्रिंगने दोन बाजूंनी स्क्रूला चिकटून राहणारा नट मिळतो, तो लावला. ८०३ चे परत ८०० केले. पुन्हा ताणकाटा, पुन्हा एक किलो. काटा सात घरांवर थांबला.

हे सगळं एकट्याने घरात बसून शिकणं कंटाळवाणं आहे, हेही खरं. २०१३ मध्ये वैभव छाब्रा यांनी मुंबईत ‘मेकर्स असायलम’ सुरू केलं. काही वर्षं ते अंधेरी पूर्वेला होतं, नंतर गोव्याला गेलं. तिथे अवजारं सामायिक आणि शेजारच्या टेबलावर विचारायला माणूस. त्याच्याही आधी, २००२ मध्ये, पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांच्या विज्ञान आश्रमात अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्याने फॅब लॅब आली. म्हणजे हा फण्डा गावाने शहराच्या आधी उचलला! मित्राकडे असा शेजारी नव्हता. त्याचे दोन शनिवार नुसते ८०० च्या आकड्याशी झटापट करण्यात गेले.

वास्तुशांतीच्या आदल्या रात्री साडेअकराला ‘ळ’ टक् आवाज करून बसला. पाटी आता काकूंच्या दारावर आहे. अगदी जवळून पाहिलं तर उजव्या गोलाला केसभर फट दिसते. काकूंना ती दिसलेली नाही. मित्राला रोज लिफ्टमधून बाहेर पडताना दिसते, त्यामुळे जाहिरात डिलीट करून तो सध्या १२ मिलिमीटरच्या रॉडच्या किमती बघत बसलाय.