निवारा कसा उभा राहतो?

नाशिक रोड स्थानकावर तुम्ही कधी रात्री उतरला आहात का? एखादी बेघर आई बाळाला कुशीत घेऊन फलाटावर निजलेली दिसते. तिला आपण चार पैसे देतो. पण छप्पर एकट्याने देता येत नाही. त्यासाठी संस्था लागते.

हे काम आपल्याकडे जुने आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. निराधार विधवेने तेथे येऊन सुखरूप बाळंत व्हावे. मूल न्यावे की ठेवावे, हे तिनेच ठरवावे. तेथेच जन्मलेल्या यशवंताला त्यांनी पुढे दत्तक घेतले.

फुल्यांनी घराचे दार उघडले आणि काम सुरू झाले. आज आधी नोंदणी लागते. निदान सात माणसे एकत्र येतात, नियम लिहितात आणि धर्मादाय कार्यालयात अर्ज करतात. दरवर्षी हिशेब तपासून घ्यावा लागतो. मुले ठेवून घ्यायची तर शासनाकडे वेगळी नोंदणी करावी लागते. एकटे मूल सापडले, तर त्याला चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे न्यावे लागते. हा त्रास वाटेल. पण मुले पळवणारेही गोड बोलूनच येतात!

असे मूल तुम्हांला दिसले, तर १०९८ या क्रमांकावर फोन करा. त्याला पैसे पडत नाहीत.