एका राजदूताच्या नावाचे खनिज

बारावीच्या प्रयोगशाळेत मॅग्नेशियमची परीक्षा घेण्याची एक ठरलेली कृती आहे. द्रावणात अमोनियम क्लोराइड आणि अमोनियम हायड्रॉक्साइड घालायचे, त्यात डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेटचे द्रावण मिसळायचे आणि काचेच्या कांडीने परीक्षानळीची आतली बाजू घासायची. थोड्याच वेळात पांढरा साका दिसू लागतो. वहीत ‘मॅग्नेशियम आहे’ अशी नोंद करून विद्यार्थी पुढच्या क्षाराकडे वळतात.

हा साका मॅग्नेशियम अमोनियम फॉस्फेटचा असतो. हेच संयुग निसर्गातही सापडते. तिथे त्याचे नाव आहे स्ट्रूव्हाइट. हे नाव एका राजदूताच्या आडनावावरून पडले आहे. राजदूताचा खनिजांशी काय संबंध, असा प्रश्न कोणालाही पडेल.

राजकारण आणि दगड

अठराव्या शतकात खनिजविज्ञान नुकतेच आकाराला येत होते. चांगले संग्रह बहुधा खाजगी असत आणि ते जमवायला तीन गोष्टी लागत : पैसा, सवड आणि दूरदूरच्या ओळखी. राजदूतांकडे या तिन्ही असत. परदेशात वर्षानुवर्षे मुक्काम होत असल्याने तिथला भूभाग पाहण्याची संधीही मिळे. ब्रिटनचे नेपल्समधील राजदूत सर विल्यम हॅमिल्टन यांनी व्हेसुव्हियस ज्वालामुखीवर पुनःपुन्हा चढून तिथले दगड जमवले. रशियाचे हेग येथील राजदूत प्रिन्स द्मित्री गोलित्सिन यांनी आपला खनिजसंग्रह जर्मनीतील येना येथील खनिजविज्ञान मंडळाला देऊन टाकला.

हाइनरिख फॉन स्ट्रूव्ह हे याच परंपरेतले. त्यांचा जन्म १० जानेवारी १७७२ रोजी जर्मनीतील रेगेन्सबुर्ग येथे झाला. त्यांचे वडील तिथेच रशियाच्या राजनैतिक सेवेत होते. मुलानेही तीच नोकरी धरली. पुढे ते हॅम्बुर्गमध्ये रशियाचे प्रतिनिधी झाले. (फ्रीडरिख स्ट्रूव्ह हे प्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञ वेगळे, नावामुळे गोंधळ होऊ देऊ नये.)

हॅम्बुर्ग हे मोठे बंदर. जगभरची जहाजे तिथे लागत आणि मालाबरोबर पुस्तके, पत्रे आणि दगडांच्या पेट्याही उतरत. स्ट्रूव्ह केवळ जमवून थांबणारे नव्हते. उत्तर अमेरिकेतील नियतकालिकांच्या आधारे त्यांनी त्या खंडाच्या खनिजांवर व भूरचनेवर एक पुस्तक तयार केले. ते १८२२ साली हॅम्बुर्गमध्ये छापले गेले. शहराच्या निसर्गविज्ञान संग्रहालयाशीही त्यांचा संबंध होता.

आगीनंतरचे खोदकाम

मे १८४२ मध्ये हॅम्बुर्गला मोठी आग लागली. चार दिवसांत शहराचा मध्यभाग जळाला. त्यात सेंट निकोलाय हे जुने चर्चही गेले. नव्या चर्चच्या पायासाठी खणताना खालच्या काळ्या, दमट मातीत चकचकीत, पिवळसर-तपकिरी स्फटिक सापडले. ती माती म्हणजे शेकडो वर्षांपूर्वीचा, गुरांच्या शेणामुताचा दबलेला थर होता.

गेओर्ग लुडविग उलेक्स या हॅम्बुर्गच्याच रसायनज्ञांनी या स्फटिकांचे पृथक्करण केले. त्यांत मॅग्नेशियम, अमोनिया, फॉस्फेट आणि पाणी सापडले. १८४५ साली त्यांनी या पदार्थाला आपल्या शहरातील ज्येष्ठ खनिजप्रेमीचे नाव दिले. स्ट्रूव्ह तेव्हा त्र्याहत्तर वर्षांचे होते. आयुष्यभर दूरदेशीची खनिजे अभ्यासणाऱ्या या गृहस्थांच्या नावाचे खनिज निघाले ते त्यांच्याच शहराच्या पोटातून, उकिरड्याच्या मातीतून! ९ जानेवारी १८५१ रोजी हॅम्बुर्गमध्येच त्यांचे निधन झाले. पुढे उलेक्स यांच्या नावावरूनही एका बोरॉनयुक्त खनिजाला उलेक्साइट हे नाव मिळाले.

हे खनिज म्हणावे का?

आपण पाठ्यपुस्तकात शिकवतो की खनिज हा निसर्गात, अजैविक क्रियांतून बनलेला पदार्थ असतो. मग माणसाने पाळलेल्या गुरांच्या शेणात बनलेला स्फटिक खनिज कसा? शिवाय हे संयुग रसायनज्ञांना नवीन नव्हते. विल्यम वोलॅस्टन या इंग्रज शास्त्रज्ञांनी १७९७ सालीच मूत्रखड्यांच्या अभ्यासात त्याचे वर्णन केले होते.

पुढे हेच संयुग पक्ष्यांच्या आणि वटवाघळांच्या विष्ठेच्या जुन्या थरांतही मिळाले. ऑस्ट्रेलियातील स्किप्टनच्या गुहा त्यासाठी प्रसिद्ध आहेत. तिथे माणसाचा हात नव्हता. कच्चा माल सजीवांचा असला, तरी स्फटिक बनण्याची क्रिया मातीत वा गुहेत, पाणी आणि काळ यांच्या साहाय्याने झाली होती. आज खनिजांच्या अधिकृत यादीत स्ट्रूव्हाइटला स्थान आहे. मूत्रपिंडात बनलेल्या खड्याला मात्र, संयुग तेच असूनही, खनिज म्हणत नाहीत. म्हणजे एखादा पदार्थ खनिज आहे की नाही हे केवळ त्याच्या घटकांवरून ठरत नाही. तो कुठे आणि कसा बनला हेही पाहावे लागते.

स्फटिक बनतो कसा?

स्ट्रूव्हाइटमध्ये मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट यांचा प्रत्येकी एक आयन असतो आणि त्यांच्याबरोबर पाण्याचे सहा रेणू असतात. वजनाचा हिशेब केला तर सुमारे ४४ टक्के भाग पाण्याचाच भरतो. म्हणून हा स्फटिक हलका आणि मऊ असतो. मोज् यांच्या काठिण्यश्रेणीत त्याचा क्रमांक दोनच्या आसपास येतो.

शेणामुताच्या थरात हे तिन्ही आयन एकत्र कसे येतात? मूत्रात युरिया असतो. युरिएज हे विकर असलेले जिवाणू युरियाचे विघटन करतात आणि अमोनिया तयार होतो. अमोनियामुळे परिसर अल्कधर्मी बनतो. फॉस्फेट आणि मॅग्नेशियम शेणात आणि वनस्पतींच्या अवशेषांत असतातच. अल्कधर्मी पाण्यात स्ट्रूव्हाइट फार कमी विरघळत असल्याने ते बाहेर पडते. परीक्षानळीत ही क्रिया झटकन होते, म्हणून बारीक भुकटी मिळते. जमिनीखाली ती सावकाश होते, म्हणून मोठे, रेखीव स्फटिक वाढतात. आम्लधर्मी द्रावणात मात्र ते सहज विरघळतात.

शरीरात आणि नळात

हीच क्रिया माणसाच्या शरीरातही होऊ शकते. मूत्रमार्गाला प्रोटियससारख्या जिवाणूंचा संसर्ग झाला की ते युरियाचे विघटन करतात, मूत्र अल्कधर्मी होते आणि स्ट्रूव्हाइटचे खडे बनू लागतात. काही वेळा असा खडा वाढत वाढत मूत्रपिंडाच्या पोकळीत सांबराच्या शिंगांसारखा फांद्या पसरतो. सर्वाधिक आढळणारे मूत्रखडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. स्ट्रूव्हाइटचे खडे संसर्गामुळे होतात, म्हणून त्यांच्या उपचारात खडा काढणे आणि संसर्ग घालवणे ही दोन्ही कामे करावी लागतात. लघवीच्या तपासणीच्या अहवालात कधी ‘ट्रिपल फॉस्फेट’ असे शब्द दिसतात, ते याच स्फटिकांबद्दल असतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचा आकार शवपेटीच्या झाकणासारखा दिसतो.

सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांतही स्ट्रूव्हाइट त्रास देते. गाळ कुजवण्याच्या टाक्यांत अमोनिया आणि फॉस्फेट भरपूर असतात. तिथून निघणाऱ्या नळांच्या आत स्ट्रूव्हाइटचा दगडासारखा थर बसतो आणि नळ अरुंद होत जातात. १९६० च्या दशकात लॉस एंजेलिसच्या हायपेरियन केंद्राला हा त्रास फार झाला.

पण नळात आपोआप बनणारा हा पदार्थ मुद्दाम वेगळ्या टाकीत बनवला तर? स्ट्रूव्हाइटमध्ये सुमारे १२.६ टक्के फॉस्फरस आणि ५.७ टक्के नायट्रोजन असतो. ते मातीत हळूहळू विरघळते, त्यामुळे खत म्हणून उपयोगी पडते. अमेरिकेत ऑरेगन राज्यातील एका केंद्रात २००९ पासून सांडपाण्यातून स्ट्रूव्हाइटचे दाणे काढण्यास सुरुवात झाली. नेपाळमधील सिद्धिपूर या गावी मानवी मूत्रात मॅग्नेशियमचा क्षार मिसळून खत बनवण्याचा प्रयोग झाला.

याचे महत्त्व मोठे आहे. फॉस्फरसशिवाय पीक येत नाही, आणि त्याला दुसरा पर्याय नाही. रासायनिक खतांसाठी तो फॉस्फेट खडकांतून मिळवतात. जगातील या खडकांच्या साठ्यांचा फार मोठा वाटा मोरोक्को आणि पश्चिम सहारा या एकाच भागात आहे. भारताला आपली बहुतेक गरज आयातीतून भागवावी लागते. दुसरीकडे, शेतातून अन्नात आलेला फॉस्फरस आपण गटारात सोडून देतो आणि तो नदी-तलावांत शेवाळ व जलपर्णी माजवतो. योगायोग असा की, फॉस्फरस हे मूलद्रव्य प्रथम वेगळे केले गेले तेही हॅम्बुर्गमध्येच. १६६९ साली हेनिग ब्रांट यांनी ते मूत्रापासून मिळवले होते.

वर्गात काय करता येईल?

मॅग्नेशियमची नेहमीची परीक्षा दोनदा करून पाहावी. एकदा संहत द्रावणे भराभर मिसळावीत. दुसऱ्यांदा तीच द्रावणे बरीच विरल करून, थेंब थेंब मिसळून, न हलवता रात्रभर ठेवावीत. (अमोनियाची वाफ झोंबते, म्हणून खिडक्या उघड्या ठेवाव्यात.) दोन्ही साक्यांचा एकेक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. पहिल्यात पिसांसारखे किंवा चांदणीसारखे आकार दिसतात, तर दुसऱ्यात रेखीव स्फटिक मिळण्याची शक्यता अधिक. मग साक्यावर थोडे व्हिनेगर टाकून काय होते ते पाहावे.

आणि विद्यार्थ्यांना एक प्रश्न जरूर विचारावा : आपल्या परीक्षानळीत बनले ते खनिज आहे की नाही? उत्तर देताना त्यांनी कारणही सांगायला हवे.