तरत्या बिंदूची संख्या

एकास तिनानें भागूं लागलें, म्हणजे ०.३३३ असे अंक येत राहतात आणि भागाकार कधींच संपत नाहीं, हें शाळेंतील प्रत्येक मुलास ठाऊक असतें. संगणकास असाच न संपणारा भागाकार एकास दहानें भागतांना करावा लागतो, ही गोष्ट मात्र थोड्यांच्याच ध्यानांत असते.

याचें कारण असें कीं, संगणक सर्व संख्या शून्य व एक या दोनच अंकांनीं मांडतो. अर्धा, पाव, अर्धपाव हे अपूर्णांक त्यास तंतोतंत साधतात; कारण त्यांचे छेद दोनाचे घात आहेत. जुन्या रुपयाचे १६ आणे व ६४ पैसे होते. तेहि बिनचूक बसले असते. १९५७ सालीं रुपयाचे १०० पैसे झाले, आणि त्यांतील एक पैसा या मांडणींत पुरा मावत नाहीं.

पायथन या संगणकभाषेंत २.५ असें बिंदु घालून लिहिलें कीं तरत्या बिंदूची संख्या तयार होते. ५ ला २ नें भागिलें तरी तीच निघते. शास्त्रज्ञ मोठी संख्या जशी दहाच्या घातानें गुणून लिहितात, तशी संगणक ती दोनाच्या घातानें गुणून ठेवतो. घात बदलला कीं बिंदु सरकतो, म्हणून तो ‘तरता’. १९८५ सालीं ठरलेल्या प्रमाणाप्रमाणें ६४ स्थानांपैकीं १ धन-ऋण चिन्हास, ११ घातास व ५२ अंकांस दिलेलीं असतात. त्यामुळें अतिप्रचंड व अतिसूक्ष्म संख्या मावतात. परंतु सुमारें सोळा अंकांपलीकडील भाग गळतो. म्हणूनच ०.१ व ०.२ यांची बेरीज पायथन ०.३०००००००००००००००४ अशी देतो.

एवढ्याशा फरकानें काय बिघडतें, असें म्हणतां येत नाहीं. २५ फेब्रुवारी १९९१ रोजीं सौदी अरेबियांतील धाहरान येथें अमेरिकेची पॅट्रियट क्षेपणास्त्रयंत्रणा सुमारें १०० तास अखंड चालूं होती. तिचें घड्याळ सेकंदाचे दशांश मोजी, आणि ती मोजणी २४ स्थानांत तोडलेल्या एक-दशांशानें गुणिली जाई. काळाबरोबर वाढत ती चूक सुमारें ०.३४ सेकंद झाली. येणारें इराकी क्षेपणास्त्र अडविलें गेलें नाहीं व २८ सैनिक प्राणांस मुकले.

यास्तव जाणते लोक दोन पथ्यें पाळतात. लांबी, तपमान, वेग यांच्या मापनांतच अल्प चूक असते. तेथें ते तरती संख्या योजतात, परंतु दोन संख्या तंतोतंत समान आहेत काय असें न विचारतां, त्यांतील अंतर पुरेसें लहान आहे काय हें पाहतात. पैशांचा हिशेब मात्र ते रुपयांच्या अपूर्णांकांत न ठेवतां पैशांच्या पूर्णांकांत ठेवतात. कारण जमाखर्चाच्या वहींत पैचाहि फरक चालत नाहीं.