पुरुषांच्या पट्टीत सिला ब्लॅक

१९६० च्या सुमारास इंग्लंडच्या लिव्हरपूल बंदरात जे ‘बीट’ संगीत उदयास आले, त्याचे दफ्तर उघडून पाहिले असता पानोपानी गिटारधारी तरुणांचे ताफेच भेटतात; आणि या ताफ्यांनी वाद्यांची पट्टी आपल्या पुरुषी गळ्यास मानवेल अशी धरलेली असल्यामुळे, त्यांच्यासमवेत गाऊ इच्छिणाऱ्या मुलीस श्रोत्यांच्याही आधी त्या पट्टीशीच झगडावे लागे. सिला ब्लॅकच्या कारकिर्दीचा उलगडा, माझ्या मते, येथूनच करावयास हवा.

प्रिसिला व्हाइट २७ मे १९४३ रोजी जन्मली. लिव्हरपूलमधील स्कॉटलंड रोडच्या कष्टकरी वस्तीत न्हाव्याच्या दुकानावर तिचे घर. वडील गोदी-कामगार, आई बाजारात जुने कपडे विकणारी. टंकलेखन शिकून तिने कारकुनी धरली, आणि कॅव्हर्न क्लबात येणाऱ्यांचे कोट सांभाळता सांभाळता ती तेथेच अधूनमधून गाऊ लागली. ‘मर्सी बीट’ या स्थानिक पत्राने नजरचुकीने तिचे आडनाव ‘ब्लॅक’ छापले, ते तसेच कायम झाले.

बीटल्सचे व्यवस्थापक ब्रायन एप्स्टाइन यांच्यापुढे, जॉन लेननच्या शिफारशीवरून, तिने ‘समरटाइम’ गाऊन दाखविले तेव्हा साथीला खुद्द बीटल्स होते. परंतु त्यांनी आपलीच पट्टी धरल्याने तिचा आवाज खुलेना, आणि एप्स्टाइननी तिला नामंजूर केले. पुढे ब्लू एंजल क्लबात जॅझ वादकांच्या साथीने तिचा गळा मोकळा झालेला ऐकल्यावर मात्र तेच गृहस्थ करारनामा घेऊन रुजू झाले. काळी चारच्या गळ्यास काळी एकमध्ये बसविले की काय होते, हे आपल्या नाट्यसंगीताच्या रसिकास वेगळे सांगणे नलगे!

१९६३ ची तिची पहिली ध्वनिमुद्रिका लेनन-मॅकार्टनी यांच्या गीताची असूनही ब्रिटनच्या लोकप्रियतेच्या यादीत पस्तिसाव्या क्रमांकावरच अडली. यश आले ते गिटारींचा ताफा बाजूस सारून, वाद्यवृंदाच्या साथीने. ‘एनीवन हू हॅड अ हार्ट’ हे बर्ट बॅकरॅक यांचे गीत निर्माते जॉर्ज मार्टिन गायिका शर्ली बॅसीकडे देऊ पाहत होते. एप्स्टाइननी ते हट्टाने सिलासाठी मिळविले, आणि फेब्रुवारी १९६४ मध्ये ते अग्रस्थानी गेले. अमेरिकेत ते आधी गाणाऱ्या डायोन वॉर्विकनी हुबेहूब अनुकरणाची तक्रार केली, ती सर्वस्वी निराधार म्हणवत नाही. तथापि उंच स्वरावर झेप घेताना जी रांगडी धार सिलाच्या गळ्यास येते, ती तिची स्वतःची, लिव्हरपूलची आहे. त्याच वर्षीच्या मे महिन्यात एका इटालियन गीताच्या इंग्रजी रूपाने, ‘यू आर माय वर्ल्ड’ने, तिला पुन्हा पहिला क्रमांक मिळवून दिला.

१९६८ पासून मात्र बीबीसीच्या दूरचित्रवाणीने तिला आपलेसे केले. १९८५ ते २००३ पर्यंत चाललेल्या ‘ब्लाइंड डेट’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमाने तर तिला इतके घरोघरी पोहोचविले, की नव्या पिढीस ती गायिका म्हणून ठाऊकच उरली नाही. १ ऑगस्ट २०१५ रोजी स्पेनमध्ये ती निवर्तली. आणि त्याच महिन्यात तिच्या गीतांचा एक संग्रह ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. हयातीत तिच्या एकाही संग्रहास ते स्थान लाभले नव्हते.