डोळ्यांनीं बोलणाऱ्या मुली

व्हिएन्ना येथें १९५४ सालीं डॉक्टर आन्द्रेआस रेट यांच्या दवाखान्यांत दोन मुली आपापल्या आईच्या मांडीवर बसल्या होत्या. दोघीहि हात धुतल्यासारखे एकसारखे चोळीत होत्या. डॉक्टरांनीं हें साम्य हेरलें आणि १९६६ मध्यें त्या विकाराचें वर्णन प्रसिद्ध केलें. तोच रेट सिंड्रोम.

सुमारें १०,००० मुलींत एकीस तो होतो. मूल पहिले ६ ते १८ महिने बहुधा इतरांसारखें वाढतें. मग शिकलेले शब्द जातात, हातांतलें कसब जातें, आणि तें माणसांकडे पाहीनासें होतें. स्वमग्नता, म्हणजे ऑटिझमच हा, असें कोणीहि म्हणेल. अमेरिकन मानसोपचारज्ञांच्या १९९४ च्या सूचींत हा विकार त्याच गटांत होता; २०१३ सालीं तो तेथून काढला गेला. तत्पूर्वीं, १९९९ मध्यें, एक्स गुणसूत्रावरील एका जनुकांतला बिघाड हें त्याचें कारण सांपडलें होतें. हा बिघाड बहुधा नव्यानेंच उद्भवतो. आईबापांनीं स्वतःस दोष देऊं नये.

श्रोतेहो, नांवाच्या या वादाशीं घरच्यांना काय करावयाचें, असें वाटेल. परंतु ही पाठ फिरविण्याची अवस्था पुष्कळदां ओसरते. मुलगी पुन्हां पाहूं लागते, टक लावून पाहते: आधीं पेल्याकडे, मग आईकडे. तिला पाणी हवें असतें. वाचा आणि हात साथ देत नाहींत, इतकेंच. ‘हिला माणसें नकोत’ अशी समजूत घरांत एकदां रुजली, कीं ही नजर कोणी वाचीत नाहीं. स्वमग्न मुलांविषयींहि ती समजूत उतावीळपणाचीच, असें माझें मत आहे. नजरेचा रोख टिपणारीं यंत्रें आतां निघालीं आहेत. तीं नसल्यास दोन चित्रें अंतर ठेवून तिच्यापुढें धरावीं आणि थांबावें. उत्तर यावयास वेळ लागतो, कधीं कधीं बराच.