घर आवरताना (भाग 2) : आधी बाहेरची वाट

गेल्या आठवड्यात आपण कशालाही हात न लावता घरभर फिरलो आणि फक्त पाहिलं. आता हात लावायचा आहे. पण कपाट उघडण्याआधी एक गोष्ट ठरवून घ्या: त्यातून निघालेलं सामान जाणार कुठे? हे न ठरवता सुरुवात केली, तर सकाळी पलंगावर काढलेला ढीग रात्री झोपायची वेळ झाली म्हणून जसाच्या तसा आत जातो. घर आवरणं बहुतेक वेळा फसतं ते इथे. त्यात आळसाचा दोष फार थोडा असतो.

आपल्या आज्या-पणज्या काही कमी साठवणाऱ्या नव्हत्या. सुतळीचा तुकडा, बिस्किटांचा पत्र्याचा डबा, कॅलेंडरची कोरी मागची बाजू, सगळं जपून ठेवलं जायचं. तरी चाळीच्या दोन खोल्यांत मोठी कुटुंबं राहत होती, कारण घरात आलेल्या वस्तूला पुढे कुठे जायचं ते ठाऊक होतं. नऊवारी विरली की तिची दुपटी व्हायची, काही भाग गोधडीत जायचा आणि अगदीच चिंध्या झाल्या की पोतेरं. नेसण्याजोगं पण नको झालेलं लुगडं बोहारणीकडे जायचं आणि घासाघीस करून त्याच्या बदल्यात एखादं पातेलं घरात यायचं. पितळेचा गळका तांब्या भांड्यांच्या दुकानात मोडीत घातला की वजनाप्रमाणे त्याची किंमत नव्या भांड्यातून वळती होई. रद्दीवाला तर महिन्याच्या हिशेबातलाच माणूस.

यातल्या बऱ्याच वाटा बुजल्या आहेत. सुती पातळांच्या जागी पॉलिएस्टर आलं. ते पाणी टिपत नाही, म्हणून त्याचं ना दुपटं होतं ना पोतेरं. शिवाय ते विरतही नाही, त्यामुळे टाकून द्यायला निमित्त मिळत नाही. बोहारणीला सोसायटीच्या फाटकावरच अडवतात. उलट आत येणाऱ्या वस्तूंसाठी मात्र दार दिवसभर उघडं: कुरिअर, हॉटेलातल्या जेवणाचे काळे डबे, लग्नामुंजीतल्या भेटवस्तू, ओटीत आलेले आणि पुढच्या ओटीची वाट पाहत पडलेले ब्लाउजपीस. घर भरतं याचं दुःख करण्यापेक्षा बुजलेल्या वाटा मोकळ्या करणं मला महत्त्वाचं वाटतं.

म्हणून या आठवड्याचं पहिलं काम एका कागदाचं. तुमच्या भागात कोण काय घेतं ते विचारून त्यावर लिहा आणि तो फ्रिजवर लावा. रद्दीवाला कोणत्या वारी येतो, भांडी मोडीत कोण घेतं, जरीच्या जुन्या साड्या घेणारं दुकान कुठे आहे. खऱ्या चांदीच्या जरीला आजही किंमत मिळते, त्यामुळे जुनी पैठणी किंवा बनारसी न दाखवता कपड्यांच्या गाठोड्यात टाकू नका. पुण्यात 2008 पासून कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था काम करते. घरोघरी कचरा गोळा करणाऱ्या तिच्या सभासदांनाच विचारलं, तर काय विकलं जातं आणि काय नाही हे कोणत्याही पुस्तकापेक्षा नेमकं कळेल. कपड्यांसाठी ‘गूंज’सारख्या संस्था आहेत. अंशू गुप्ता यांनी 1999 मध्ये ‘गूंज’ सुरू केली. जुन्या सुती कापडाचे पाळीसाठीचे पॅडही तिथे तयार होतात, म्हणजे सुती चादर फाटकी असली तरी ती निरुपयोगी नाही. मात्र देताना कपडे धुऊन, वाळवून, घडी घालून द्या. मळलेलं गाठोडं देणं म्हणजे आपलं काम दुसऱ्याच्या गळ्यात घालणं आहे, आणि त्याला दान म्हणू नये.

विजेच्या वस्तूंचं वेगळं लिहा. बंद मोबाईल, चार्जर, जळलेला मिक्सर, जुना रिमोट हे सारं ई-कचऱ्यात येतं. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या नियमांनी त्याची जबाबदारी उत्पादकांवरही टाकली आहे, त्यामुळे महापालिकेच्या संकलन केंद्राप्रमाणेच कंपनीच्या सेवा केंद्रातही चौकशी करा. वायरींची गुंडाळी भंगारात दिली, तर तांब्यासाठी ती बरेचदा उघड्यावर जाळली जाते आणि तो धूर कुणाच्या तरी छातीत जातो. एखादी पॉवर बँक किंवा मोबाईलची बॅटरी फुगलेली दिसली, तर ती आवरण्याच्या यादीत ठेवू नका. तिला टोचू नका, चार्ज करू नका. ती आजच घराबाहेर काढायची सोय बघा.

कागद तयार झाला की सुरुवात औषधांच्या डब्यापासून करा. मारी कोंडो या जपानी बाईंचं पुस्तक 2014 मध्ये इंग्रजीत आल्यावर त्यांची पद्धत जगभर गेली. त्या कपड्यांपासून सुरुवात करायला आणि आठवणींच्या वस्तू शेवटी घ्यायला सांगतात. दुसरी गोष्ट मला पूर्ण पटते. पहिली आपल्या घरांना लागू पडत नाही, कारण आपल्या कपाटात कपडे हीच आठवण असते. लग्नातला शालू, आईने डोहाळजेवणाला नेसवलेली हिरवी साडी, वडिलांचा कोट. पहिल्याच दिवशी ते हातात घेतलं, तर माणूस तिथेच बसून राहतो.

औषधांच्या डब्यात असा गुंता नसतो. तिथे निर्णय छापूनच आलेला असतो. मुदत संपलेली पट्टी बाजूला, आणि कापताना तारीख निघून गेलेली, ओळखू न येणारी पट्टीही बाजूला. डोळ्यांचे थेंब मुदतीत असले, तरी बाटली उघडल्यावर साधारण महिनाभरच वापरायचे असतात. वेष्टनावर तसं लिहिलेलंही असतं. उरलेली अँटिबायोटिक्स ‘पुढच्या वेळी होतील’ म्हणून ठेवू नका आणि शेजाऱ्यांनाही देऊ नका. बाद औषधं ओल्या कचऱ्यात किंवा मोरीत नकोत. 2016 च्या घनकचरा नियमांनी ती घरगुती घातक कचऱ्यात धरली होती, तेव्हा वेगळ्या पाकिटात बांधून, वर लिहून द्या.

हे काम अर्ध्या तासाचं आहे आणि त्यात कुणाशी वाद होत नाही. मग त्याच धर्तीचे कप्पे घ्या: झाकण हरवलेले डबे, संपलेली पेनं, मसाल्यांच्या जुन्या पुड्या. घरातल्या दुसऱ्या माणसाची वस्तू त्याला विचारल्याशिवाय हलवायची नाही, ती कितीही निरुपयोगी वाटली तरी. सासूबाईंनी जपलेलं तपेलं त्यांच्या पाठीमागे मोडीत गेलं, तर पुढे त्या घरात कुणीही मोकळ्या मनाने काही बाहेर काढणार नाही. प्लास्टिकचे नवे डबे, खण, टोपल्या इतक्यात विकत आणू नका. काय उरणार हे कळल्याशिवाय त्यांचं माप कसं ठरणार?

एक वेळापत्रकाची सूचना. दिवाळीच्या तोंडावर सगळं गाव एकदमच आवरायला काढतं. रद्दीवाल्याला वेळ नसतो, संस्थांकडे गाठोडी ठेवायला जागा नसते. त्याआधीच्या एखाद्या निवांत महिन्यात हे काम हाती घेतलं, तर प्रत्येक वस्तू योग्य जागी जाते.

पुढच्या आठवड्यात कागदपत्रं घेऊ. तोवर पॉलिसी, कर, घराचे आणि बँकेचे कागद दिसतील तिथून एका पिशवीत जमा करा, पण त्यातला एकही फाडू नका.