तीन राण्या आणि एक नदी

जेमतेम एक किलोमीटर रुंदीची नदी डोळ्यांपुढे आणा. तिच्या पात्रात एकापाठोपाठ एक अशी तीन जहाजे शिरली आहेत. सर्वांत मोठ्या जहाजाची लांबी ३४५ मीटर, म्हणजे पंधरा डब्यांच्या आगगाडीएवढी. उरलेली दोन प्रत्येकी २९४ मीटरांची. शहरासमोर आल्यावर ही तिन्ही जहाजे थबकतात आणि मग नाचणाऱ्या मुलींनी गिरकी घ्यावी तशी पात्रातल्या पात्रात वळू लागतात. दोन्ही काठांवर माणसांची ही गर्दी उसळली आहे.

ही कल्पना नव्हे. २५ मे २०१५ रोजी इंग्लंडमधील लिव्हरपूल शहरी, मर्सी नदीत हे घडले. क्वीन मेरी-२, क्वीन एलिझाबेथ आणि क्वीन व्हिक्टोरिया या तिघी क्यूनार्ड कंपनीच्या ‘राण्या’. कंपनीच्या पहिल्या सफरीला १७५ वर्षे होत होती आणि ती सफर याच नदीतून सुरू झाली होती. तीन दिवसांच्या या सोहळ्याला दहा लाखांहून अधिक लोक जमले, असा अंदाज आहे.

आपणही त्या गर्दीत उभे राहू. मात्र टाळ्या वाजवता वाजवता एक प्रश्न मनात धरू: एवढी अवजड जहाजे नदीत वळली कशी?

प्रथम १७५ वर्षे मागे जाऊ. कॅनडातील हॅलिफॅक्सच्या सॅम्युएल क्यूनार्ड या व्यापाऱ्याने ब्रिटिश सरकारकडून १८३९ मध्ये अटलांटिकपार टपाल नेण्याचा ठेका मिळवला. ४ जुलै १८४० रोजी त्याचे ‘ब्रिटानिया’ जहाज लिव्हरपूलहून निघाले. लाकडी सांगाडा, लांबी सुमारे ६३ मीटर, दोन्ही बाजूंना पाणचक्कीसारखी वल्हेचाके, एक धुराडे आणि वेळप्रसंगी उपयोगी पडावीत म्हणून शिडेही. ताज्या दुधासाठी जहाजावर एक गाय बांधलेली असे! बारा दिवस दहा तासांनी ब्रिटानिया हॅलिफॅक्सला पोचले आणि तेथून बॉस्टनला गेले. रोज सुमारे ३८ टन कोळसा त्याला लागे. साऱ्या वाटेला किती लागला असेल, याचा हिशेब तुम्हीच करा. दीड वर्षाने, १८४२ च्या जानेवारीत, चार्ल्स डिकन्स याच जहाजाने अमेरिकेला गेला आणि आपली खोली किती चिमुकली आहे हे पाहून थक्क झाला.

ब्रिटानियाचे खरे महत्त्व वेगात नव्हते, वेळापत्रकात होते. शिडाचे जहाज वाऱ्याच्या मर्जीने पोचे. वाफेचे जहाज ठरल्या दिवशी निघे आणि साधारण ठरल्या दिवशी पोचे. ठरावीक मार्गाने, ठरावीक वेळी ये-जा करणारे म्हणून ‘लायनर’ हे नाव. या व्याख्येची कसोटी लावली, तर त्या दिवशीच्या तीन जहाजांत अस्सल लायनर एकच, क्वीन मेरी-२. बाकीच्या दोघी सहलीची जहाजे. (हे त्यांच्या चाहत्यांना ऐकवू नका!) १९५८ मध्ये जेट विमाने अटलांटिकवरून प्रवासी नेऊ लागली आणि लायनरांचा धंदा बसला. तरीही २००४ मध्ये सेवेत आलेले क्वीन मेरी-२ मुद्दाम अटलांटिकच्या लाटांसाठी बांधले गेले. त्याचा सांगाडा जाड, नाळ म्हणजे पुढचे टोक लांब व अणकुचीदार, आणि वेग सुमारे ३० नॉट, म्हणजे ताशी ५५ किलोमीटर.

३० नॉट हा आकडा साधा वाटतो, पण तो फार महागात पडतो. जहाजाला लागणारी शक्ती ढोबळ मानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. २४ नॉटवरून ३० नॉटवर जायचे म्हणजे वेग सव्वापट करायचा. सव्वाचा घन काढून पाहा, जवळजवळ दोन येतो. वेग पावपट वाढला, शक्ती दुप्पट लागली! म्हणूनच या जहाजावर चार डिझेल इंजिने आहेत, आणि शिवाय विमानाच्या इंजिनाच्या जातकुळीची दोन गॅस टर्बाइन.

येथे एका घोटाळ्याविषयी सांगितले पाहिजे. वर्तमानपत्रांत क्वीन मेरी-२ चे ‘वजन दीड लाख टन’ असे छापून येते. ते चूक आहे. हा आकडा जहाजाच्या बंदिस्त जागेचा, म्हणजे आकारमानाचा आहे. पूर्वी जहाजात दारूची किती पिंपे मावतात यावर कर ठरे. इंग्रजीतील ‘टन’ हे पिंपाचे नाव मोजमापाला चिकटले ते कायमचेच. आर्किमिडीजच्या नियमाने, म्हणजे जहाजाने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनावरून पाहिले, तर त्याचे वजन पाऊण लाख टनांच्या आसपास भरते. तेही काही थोडे नव्हे.

पाऊण लाख टनांची ही वस्तू वळवायची कशी? ‘सुकाणूने’ असे तुम्ही म्हणाल. वाहत्या ओढ्यात तळहात तिरका धरून पाहा, पाणी हाताला बाजूला ढकलते. आता हात हौदाच्या स्थिर पाण्यात तसाच तिरका धरा. काहीच होत नाही! सुकाणू पाणी वळवून काम करते, आणि त्यासाठी पाणी त्याच्यावरून वेगाने वाहायला हवे. म्हणजे बंदरात जहाज हळू झाले, नेमकी जेव्हा वळण्याची गरज असते, तेव्हाच सुकाणू दुबळे होते. जुन्या लायनरांना म्हणून टग बोटी ढकलत, ओढत धक्क्याला लावत.

क्वीन मेरी-२ ला सुकाणूच नाही. तिच्या पिछाडीला पाण्याखाली चार मोठे अंडाकृती डबे टांगलेले आहेत. प्रत्येकात २१.५ मेगावॉटची विजेची मोटर आणि तिला जोडलेला पंखा. जहाजातील यंत्रे फक्त वीज निर्माण करतात आणि ती तारांतून या डब्यांपर्यंत जाते. इंजिनापासून पंख्यापर्यंतचा तो जुना लांबलचक दांडाच गेला. चारपैकी दोन डबे पक्के बसवलेले आहेत, तर दोन पूर्ण वर्तुळात फिरू शकतात. टेबलपंख्याचे तोंड आपण हव्या त्या दिशेला करतो ना, तसेच. शिवाय नाळेजवळ सांगाड्यातून आरपार जाणारी तीन भोके आहेत. त्यांतील पंखे पाणी डावी-उजवीकडे फेकतात. इतर दोघींचे डबे दोन-दोन आणि आकाराने लहान. पण तत्त्व तेच.

घरी करून पाहण्याजोगा प्रयोग सांगतो. लाकडी पट्टी टबातल्या पाण्यावर तरंगत ठेवा. तिच्या एका टोकाला बोटाने आडवे ढकला. पट्टी वळते खरी, पण सरकतेही. आता एका टोकाला एका बाजूने आणि दुसऱ्या टोकाला विरुद्ध बाजूने, सारख्याच जोराने ढकला. पट्टी जागच्या जागी फिरते. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात याला बलयुग्म म्हणतात. नाळेचे पंखे एकीकडे ढकलतात, पिछाडीचे डबे दुसरीकडे. दोन बलांमधले अंतर जितके जास्त, तितका वळवण्याचा जोर जास्त. या कामी लांबीची अडचण नव्हे, उलट मदतच होते.

पण टबात वारा नसतो. पाण्याच्या वर जहाजाची सरासरी ३० मीटर उंच भिंत आहे असे समजा. ३४५ गुणिले ३०, म्हणजे दहा हजार चौरस मीटरांहून मोठे शीड! ताशी ३६ किलोमीटरचा वारा त्यावर आडवा आला, तर दर चौरस मीटरवर साधारण ६० न्यूटन बल पडते. एकूण सहा लाख न्यूटन, म्हणजे सुमारे ६० टन वजनाचा रेटा. वळताना काही मिनिटे जहाज नदीत आडवे उभे राहते. त्या वेळी दोन्ही टोकांपुढे थोडीशीच मोकळी जागा, शेजारी दुसऱ्या दोन राण्या आणि काठावर लाखो माणसे. कप्तानाच्या जोडीला नदीची खडान्‌खडा माहिती असलेले स्थानिक पायलट असतात. लिव्हरपूलच्या पायलटांची संघटित सेवा १७६६ पासूनची आहे. नवखा कप्तान कितीही हुशार असला तरी इथे त्यांच्यावाचून भागत नाही.

आणि वाऱ्यापेक्षाही खट्याळ आहे ती ही नदी. मर्सीच्या मुखाचा आकार सुरईसारखा. आत फुगीर पोट, समुद्राकडे अरुंद मान, आणि त्या मानेवर लिव्हरपूल वसलेले. रोज दोनदा समुद्राचे पाणी या मानेतून आत घुसते आणि दोनदा बाहेर पडते. मुंबईला उधाणाच्या भरती-ओहोटीच्या पातळ्यांत साडेचार-पाच मीटरांचा फरक पडतो. लिव्हरपूलला तो सरासरी आठ मीटरांच्या वर असतो, मोठ्या उधाणाला दहापर्यंत जातो. तीन मजली घर बुडेल इतके पाणी सहा तासांत चढते! अशा वेळी सुरईच्या मानेत प्रवाह ताशी सात-आठ किलोमीटरने धावतो. याच ओढ्याने तळ खरवडला जाऊन तेथे मोठ्या जहाजांना पुरेल इतकी खोली राहते. जगातील पहिली बंदिस्त व्यापारी गोदी १७१५ मध्ये याच शहरात बांधली गेली, तीही या चढ-उतारामुळेच. दरवाजा लावून आतले पाणी कोंडून धरायचे, म्हणजे ओहोटीत जहाज चिखलात बसत नाही. मुंबईच्या इंदिरा गोदीचा दरवाजा हेच काम करतो.

मग २५ मे रोजी नदीची मनःस्थिती कशी होती? मी जुने पंचांग उघडले. १८ मे २०१५ ला अमावास्या होती. २५ तारखेला आकाशात बरोबर अर्धा चंद्र होता. कोकणातले विद्यार्थी लगेच ओळखतील: भांगाची भरती! अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका ओळीत येऊन पाणी ओढतात, तेव्हा उधाण येते. अष्टमीच्या सुमारास ते एकमेकांशी काटकोन करतात, तेव्हा एकाची ओढ दुसऱ्याच्या ओढीतून वजा होते. भांगाच्या दिवसांत लिव्हरपूलला पातळ्यांतला फरक साडेचार मीटरांच्या घरात येतो आणि प्रवाहाचा जोरही ओसरतो. तो सोमवार इंग्लंडात सुट्टीचा दिवस होता, त्यामुळे तारीख ठरवताना गर्दीचाही विचार झाला असेलच. ते काही असो, नाचायला आलेल्या राण्यांना चंद्राने अंगण जरा शांत करून दिले होते.

भरतीचे गणित या शहराला नवे नाही. १९१९ मध्ये येथे भरती-ओहोटीच्या अभ्यासाची खास संस्था स्थापन झाली. चाके आणि कप्प्या यांच्या यंत्रावर ती दूरदूरच्या बंदरांची भाकिते करी. ६ जून १९४४ रोजी दोस्त सैन्य फ्रान्समधील नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरले. त्या किनाऱ्यावरचे भरतीचे आकडे याच संस्थेच्या आर्थर डूडसन याने काढून दिले होते. आणि या जातीच्या यंत्रांपैकी एक आरंभीचे यंत्र एडवर्ड रॉबर्ट्‌स याने १८७९ मध्ये घडवले, ते कोणासाठी? भारतातील बंदरांसाठी!

४ जुलै २०१५ रोजी क्वीन मेरी-२ पुन्हा मर्सीत आली आणि ब्रिटानियाच्या वाटेने हॅलिफॅक्स व बॉस्टनला गेली. २०२४ मध्ये चौथी राणी, क्वीन ॲन, सेवेत आली. ३ जून २०२४ ला तिच्या नामकरणाचा सोहळाही याच नदीकाठी झाला.

आता भोंग्याकडे कान द्या. क्वीन मेरी-२ च्या धुराड्यावरील भोंग्यांपैकी एक १९३६ च्या जुन्या क्वीन मेरीचा आहे. त्याचा सूर सेकंदाला सुमारे ५५ कंपनांचा, अगदी खर्जातला. असा खर्जाचा आवाज हवेत कमी शोषला जातो, म्हणून तो कित्येक किलोमीटर जातो, आणि जवळ उभ्या असलेल्यांच्या कानांनाही टोचत नाही. तुम्ही एका काठावर आणि तुमचा मित्र समोरच्या काठावर उभा आहे असे समजा. तुमच्यालगतच्या जहाजाने भोंगा दिला, तर तुम्हाला तो लगेच ऐकू येईल आणि मित्राला तीन सेकंदांनी. तिन्ही जहाजांनी एकाच क्षणी भोंगे वाजवले, तरी ते दोघांना वेगवेगळ्या क्रमाने ऐकू येतील. त्यावरून तिघींमधली अंतरे कशी काढाल, ते कागद-पेन्सिल घेऊन बसा आणि करून पाहा.